ओनालेन्नाबाईंची शपथ

प्रिटोरियात त्या सकाळी असं हीव पडलं होतं, की गवत पायाखाली करकर वाजत होतं. ओनालेन्नाबाईंनी कचेरीतला हीटर लावला, किटली चढवली आणि फाइल उघडली. कुणाचे फोन चोरून ऐकायचे याची परवानगी देशात एकटे न्यायमूर्ती सेबोगोदी देत. त्यांची नजर अधू, म्हणून अर्ज बाई वाचून दाखवत. ऐकलेलं दाराबाहेर न्यायचं नाही, ही बाईंची शपथ.

समोर गुप्त खात्याचा तरणा कॅप्टन सिथोले ताठ बसला होता. बाई वाचू लागल्या. काही पुरुष शनिवारी पहाटे मामेलोडीत एका फाटकाबाहेर उभे राहणार. आतून शिव्या आल्या तरी हलायचं नाही. इतक्या-इतक्या गाईंच्या वर जायचं नाही, आणि तो आकडा शेवटपर्यंत फोडायचा नाही.

मग पत्ता आला नि बाईंनी तो दोनदा वाचला. फाटक त्यांच्या बहिणीचं! भाची लेसेदीला मागणी घालायला शनिवारी मुलाकडचे येणार होते; फाटकाबाहेर ताटकळायचं, शिव्या खायच्या आणि मुलीच्या घरी किती गाई द्यायच्या ते ठरवायचं, हीच तिथली रीत.

"टोळी आहे, साहेब," कॅप्टन म्हणाला.

"लग्न झालंय का रे तुझं?" न्यायमूर्तीसाहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"दिसतंच आहे. बायको कशी मागतात ते मामाला विचार जा. आणि काय रे, परवानगी मागायला आज आलास, मग हे बोलणं ऐकलंस कधी?"

कॅप्टन छताकडे बघू लागला. साहेबांनी अर्ज फेटाळला.

कॅप्टन सुटला, बाई अडकल्या. बोलावं तर शपथ मोडते, गप्प बसावं तर भाची स्वस्तात जाते.

शनिवारी अंगणात बोलणी, स्वयंपाकघरात बायका. लेसेदीचा मामा, म्हणजे बाईंचा थोरला भाऊ, आत डोकावला. "बऱ्या गाई देतायत. हो म्हणू?"

देऊ केलेला आकडा बाईंनी अर्जात वाचलेल्यापेक्षा कितीतरी खाली होता. बाईंनी वाफवलेल्या पावाचा भलामोठा तुकडा तोंडात कोंबला.

"बघ, ओना गप्प बसलीय!" बहीण कडाडली. "जन्मात कधी गप्प बसली होती का ही? कमीच आहे ते! जा, वाढवून माग."

भाऊ आला की बाई तुकडा कोंबत, आणि बहीण त्याला परत पिटाळी. शेवटी भावानं तो नेमका आकडा आणला. बाईंनी घास गिळला. "अरे, किती ताणाल? चहा द्या पाहुण्यांना!"

सोमवारी साहेबांनी सहज विचारलं, "भाचीचं जमलं म्हणे. पाहुणे किती गाईंपर्यंत जाणार होते हो?"

"मला काय ठाऊक, साहेब?" म्हणत बाई किटली भरायला गेल्या.