देवघरातला सुकटाचा वास

आमच्या वहिनींना माणूस दिसण्याआधी त्याचा वास येत असे. मी शिरूरहून निघून कुरकुंभच्या अलीकडे फाट्यावर उतरे आणि वस्तीपर्यंत चालत जाई. अंगणात पाऊल पडते न पडते तोच आतून आवाज येई, "भाऊजी आलं वाटतं. कापूर आन् जुनी पुस्तकं शिरली बगा घरात." शेतकऱ्याच्या घरात जन्मून मी लहानपणीच पाठशाळेच्या वाटेला लागलो, पुढचे सारे आयुष्य मुलांना संस्कृत शिकवण्यात आणि श्रावणात घरोघरी पोथी सांगण्यात गेले. तेव्हा माझ्या उपरण्याला तसा वास असणार, हे खरेच. मला स्वतःला मात्र तो कधी आला नाही.

त्यांच्या या नाकाचा घरात मोठा दरारा होता. दूध उतू जाण्याआधी त्या ओसरीवरून उठत. तोडून ठेवलेल्या झेंडूच्या क्रेटमध्ये तळाचे एखादे फूल कुजू लागले, तर नेमका तोच क्रेट त्या पालथा करायला लावत. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते चेष्टेने म्हणत, "हिला पोलिसात भरती करा. एका कुत्र्याचा खर्च वाचंल." वहिनी भाकरी थापता थापता उत्तर देत, "मंग पयल्यांदा तुमालाच धरीन. माळ घातली, तंबाखू सुटली म्हणून गावभर सांगता, आन् बंडीचा खिसा काय म्हणतोय?" दादा हळूच बंडी सावरत आणि सारे घर हसे.

माळ दादांनी घातली होती, पण ती पाळली वहिनींनी. त्यांच्या माहेरी सर्व काही शिजत असे. लग्न होऊन आल्यावर मात्र त्यांनी असे व्रत धरले, की दौंडच्या बाजारात सुकट-बोंबलाची रांग लागली की पदर नाकाला लावून त्या लांबून वळसा घेत. देवघर हा त्यांचा खरा संसार होता. गंध हा पृथ्वीचा गुण आहे, असे आपली शास्त्रे सांगतात, हे मी एकदा त्यांना समजावून दिले. त्या क्षणभर विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "म्हंजी माझं नाक मातीचं हाय म्हणा की. बरंय, कुंभाराकडनं दुरुस्त करून आणता येईल."

घर आमच्या वडिलांनी बांधलेले, भक्कम विटांचे. वीज आली तेव्हा भिंतींवर लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवरून तारा नेल्या होत्या. खोलीत एक दिवा, एवढाच त्या काळचा हिशेब. पुढे त्याच तारांवर टीव्ही आला, मिक्सर आला, फ्रिज, पाण्याची मोटार आणि शेवटी न्हाणीघरात गीझर आला. तारा मात्र त्याच राहिल्या. मिक्सर लावला की दिवे मंदावत. वहिनी म्हणत, "घेतला बगा मिक्सरनं दिव्याचा घास." न्हाणीतल्या नळाला ओला हात लागला की झिणझिण्या येत, तर त्या म्हणत, "आमचा नळ चावतो," आणि पाहुण्यांसाठी पायाखाली लाकडी पाट ठेवत. तारांवरचा भार वाढून फ्यूज वारंवार जाऊ लागला, तेव्हा दादांनी त्यात चांगली जाड तार घातली. "आता बघू कसा जातोय," ते म्हणाले. खरोखरच तो पुन्हा गेला नाही, आणि आमच्या घराने ती दुरुस्ती झाली असे मानले. एवढ्या खुणा समोर होत्या. पण रोजच्या गोष्टींना माणूस घराचा स्वभाव समजतो.

त्या श्रावणात मी गेलो असता वहिनींनी मला देवघरापाशी बोलावले. चेहऱ्यावर हसू नव्हते. खालच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, देवापाशी सुकटाचा वास येतोय."

मी वाकून पाहिले. मला धूप आणि फुले यांखेरीज काही जाणवले नाही.

"तुमाला न्हाई यायचा. पण हाय. माहेरी खाल्लेलं हाय मी, मला वळख हाय त्याची. सकाळी आंघोळीच्या येळंला लई येतो, मंग उतरतो."

दादांनी ओसरीवरून ऐकले. पुढच्या दोन खोल्यांत आमचे भाडेकरू होते. बिहारकडचा तो मनुष्य कुरकुंभच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करी; घरी त्याची तरुण बायको असे. दादा म्हणाले, "दुसरं कोन असनार? इचारतो आज त्याला."

वहिनी एकदम कडाडल्या. "अजाबात इचारायचं न्हाई! तिच्या घरात मोहरीच्या त्येलाचा वास येतो, सुकटाचा न्हाई. आन् इचारलं की त्या पोरीला वाटंल, आपुन तिच्या चुलीवर संशय घेतो. परमुलखातनं आलेली हाय. दार लावून रडंल, आन् आपल्याला कळायचं बी न्हाई."

दादांनी तो विषय सोडला. मलाही त्या शब्दांपुढे नतमस्तक व्हावेसे वाटले. अतिथीचे मन राखावे, हे मी आयुष्यभर पोथीतून सांगत आलो; वहिनी ते आचरत होत्या.

मग त्यांनी तो दोष स्वतःकडे घेतला. कुठे उंदीर मेला असेल म्हणून कोनाडे रिकामे केले. काही सापडले नाही. सकाळ-संध्याकाळ धूप घातला, गोमूत्र शिंपडले. गुरुवारचा उपवास होताच, त्यात सोमवार धरला. मला म्हणाल्या, "माझंच कायतरी चुकलं असंल भाऊजी. उगं का देव असं दावंल?" मी पोथीतली दोन वचने सांगून त्यांची समजूत घाली. त्या ऐकून घेत आणि मान हलवत. घट बसण्याआधी देवघर निर्मळ व्हावे, एवढाच एक ध्यास त्यांना लागून राहिला.

घट बसण्याच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे असते तशी, सारे घर धुण्याची धांदल होती. दादा मळ्यात झेंडूच्या तोडणीवर होते. वहिनींनी अंथरुणे-पांघरुणे वाळत घातली, भांडी घासली आणि शेवटी देवघर घेतले. त्या दिवशी वास फार आला असला पाहिजे, कारण ओले फडके घेऊन त्यांनी देवघरामागची भिंत पुसायला घेतली. ती काळपट पडलेली लाकडी पट्टीसुद्धा. पट्टीच्या आत गीझरकडे जाणाऱ्या तारांवरचे आवरण तापून तापून केव्हाच झडले होते.

भाडेकरणीने काहीतरी पडल्याचा आवाज ऐकला आणि ती धावली. तिच्या हाकेसरशी नुकताच शिफ्टवरून आलेला तिचा नवरा उठला. त्याने आधी मेन स्विच पाडला आणि मग वहिनींना उचलले. दौंडच्या दवाखान्यात नेईपर्यंत सारे संपले होते. फडके त्यांच्या मुठीतून सोडवावे लागले.

मी शिरूरहून पोहोचलो तेव्हा तो मनुष्य अंगणात, भिंतीला पाठ लावून उभा होता. देवघरात त्यालाही तो वास आला होता, आणि वहिनी त्याला सुकटाचा वास म्हणत, हे दादांनी त्याला नुकतेच सांगितले होते. तो दादांना म्हणाला, "काका, ये मछली का नहीं, जलते वायर का बास है. हमारे प्लांट में पैनल से ऐसा बास आए, तो पूरी लाइन बंद करते हैं. स्विच का प्लास्टिक गरम होता है ना, तो बिलकुल मछली जैसा... काकी एक बार पूछ लेतीं."

दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "तुमाला वाईट वाटंल म्हणून न्हाई इचारलं रे तिनं."

ते ऐकून त्याची बायको जी रडू लागली, ती कुणाला आवरेना. वहिनींना ज्या रडण्याची भीती होती, ते अखेर आमच्या दारात आलेच.

सुतकामुळे त्या वर्षी आमच्या घरी घट बसला नाही. वहिनींनी चाळून ठेवलेली माती आणि निवडून ठेवलेले धान्य कोनाड्यात तसेच राहिले. पुढे दादांनी सारी वायरिंग उपटून नवी करून घेतली. साऱ्या यंत्रांचा भार पेलतील अशा तारा, अर्थिंग, आणि वीज कुठे गळली तर क्षणात बंद पडणारा स्विच. काम झाले त्या दिवशी त्यांनी ओल्या हाताने न्हाणीतला नळ धरला आणि तसेच उभे राहिले. "आता चावत न्हाई," ते म्हणाले. एवढे बोलून ते पाटावर खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

तेव्हापासून माझा एक नियम झाला आहे. ज्या घरी पोथी लावायची, तेथे आसनावर बसण्याआधी मी स्विचबोर्डाला हाताची पालथी बाजू टेकवून ऊब पाहतो आणि यजमानांना विचारतो: दिवे मंदावतात का, बोर्ड पिवळा-काळा पडला आहे का, नळाला झिणझिण्या येतात का, फ्यूजमध्ये कुणी जाड तार घातली आहे का. शेवटी विचारतो, "घरात माशाचा वास येतो का?" माळकऱ्यांच्या घरात हा प्रश्न ऐकून माणसे दचकतात. म्हातारपणी यांचे काहीतरी बिघडले, असेही काहींना वाटत असावे.

गेल्या श्रावणात राहू गावी असाच एका जुन्या घरात विचारले. घरधनीण, साधारण वहिनींच्याच वयाची, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "न्हाई बा. आमी माळकरी मानसं." पण दाराआड उभी असलेली सून हलक्या आवाजात बोलली, "येतो आबा. सांजच्याला लई येतो. आत्याबाई म्हनल्या, भायेर बोलायचं न्हाई."

मी पोथी पुन्हा वस्त्रात गुंडाळली. मेन स्विच पाडायला लावला, वायरमनला निरोप धाडला आणि सर्वांना अंगणात लिंबाखाली बसवले. वास कसला आहे, ते त्यांना समजावून सांगितले. घरधनीण थोडी पुढे सरकली. मग तिने भीत भीत विचारले, "म्हंजी आबा... देवापाशी आमचं काय चुकलं न्हवतं?"

"नाही माउली," मी म्हणालो, "तुमचे काहीही चुकले नव्हते."

ती पदरात तोंड घालून रडली. मी मान वळवली. हे वाक्य मला दुसऱ्या एका देवघरापुढे म्हणायचे होते.