शिवराजने साफ केलेली कुजबुज

आमच्या घरातल्या बाया एका वेळी गप्प झालेल्या मी जन्मात एकदाच पाहिल्या, आणि त्याही बारशाला. मयताला गेल्या तरी ह्या बाया बोलतात! त्या दिवशी मात्र पाळण्याभोवती उभ्या राहून एकीच्याही तोंडातून शब्द फुटेना. माझ्या हातात घुगऱ्यांचं ताट होतं, ते कुठं टेकवावं हेसुद्धा सुचेना. आणि हे केलं कुणी? आमच्या शिवराजभावजींनी. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात मुंगीला दुखवलं नाही, त्या माणसानं.

शिवराज माझा धाकटा दीर. बरकतपुऱ्यात आमच्याच बिल्डिंगीत खालच्या मजल्यावर राहतो. एका पंपाच्या कंपनीत गोडाऊन सांभाळतो, पण जीव सगळा गाण्यात. स्वतःचा गळा म्हणाल तर फुटकं मडकं! दुसऱ्याचा आवाज मात्र कॉम्प्युटरात घेऊन असा घासूनपुसून काढतो की गाणारीलाच खरं वाटत नाही. मराठी मंडळाच्या आरत्या म्हणू नका, कुणाच्या सुनेचं भावगीत म्हणू नका, सगळे उठून ह्याच्याच दारात. मागच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकल्यात. त्यातल्या दोन माझ्या माहेरच्या. विचारायची पद्धत नाही.

त्या कॉम्प्युटरात प्लग-इन नावाच्या वस्तू असतात. "वहिनी, भाजी तीच, हे वरून घालायचे मसाले," असं त्यानं मला समजावलं होतं. एकानं आवाज देवळात म्हटल्यासारखा घुमतो, एकानं बेसूर बाई सुरात येते. आणि निवडायला किती वेळ! साडीच्या दुकानात मी बरी. एकाच ओळीला पाच घुमारे लावून मला विचारणार, "सांगा वहिनी, कुठला?" मला पाची सारखेच. मी आपलं म्हणायचं, तिसरा. "हौ, मला पण तिसराच वाटायलाय," असं म्हणून हा चौथा लावणार. मग विचारतोस कशाला रे बाबा?

पण त्याचा खरा वैरी म्हणजे खरखर. पंख्याची घरघर, गल्लीतल्या वरातीतले मर्फ्याचे ढोल, माझ्या कुकरची शिट्टी, सगळ्यांवर दात. खरखर काढणारी प्लग-इनं त्यानं किती आणली आणि किती टाकली, त्याला गणती नाही. एकात आवाज डब्यातून आल्यासारखा व्हायचा, एकात पाण्याखालून. शेवटी मनासारखं एक मिळालं. मला स्वयंपाकघरात मिक्सर लावून बोलायला लावलं, आणि मग ऐकवलं. मिक्सर गायब! मी एकटीच स्वच्छ बोलतेय. "अगं बाई, ही तर भुताटकी!" मी ओरडलेच. भावजी बारशाच्या पोरासारखे हसले. तेव्हापासून जे येईल ते ह्याच प्लग-इनमधून काढायचं, आणि साफ झालेलं मूळच्याच जागी ठेवून मूळचं पुसून टाकायचं, ही त्यांची शिस्त. मी एकदा विचारलं, मूळचं ठेवत का नाही? तर म्हणे, "घासलेल्या भांड्याशेजारी खरकटं कुणी ठेवतं का, वहिनी?"

आता इंदुताईंचं सांगते. त्या आमच्या नणंद, शिवराजची मोठी बहीण. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा शिवराज रांगत होता. त्याला इंदुताईंनीच वाढवलं. स्वतःचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, त्या माहेरीच राहिल्या. पण घरातल्या प्रत्येक पोराची आत्या! आणि आत्या म्हणजे काय साधीसुधी? आमच्यात पाळण्यात नाव आत्याच ठेवते. ती कानाशी वाकून कुर्रर्र करते, हळूच नाव सांगते, बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात, आणि मग ती नाव मोठ्यानं सांगते. हे सगळीकडे आहे. आमच्यात वर एक मेख आहे. पाळण्याआधी ते नाव आत्याच्या तोंडून कुणाच्या कानावर पडायचं नाही. पडलं तर ते पोराला धार्जिणं नसतं म्हणे. माझ्या लेकाचं नाव काहीतरी भारदस्त ठेवावं म्हणून मी महिनाभर त्यांच्या मागं लागले होते. त्यांनी दाद दिली नाही, आणि बारशाला उठून म्हणाल्या, रितेश. आवडतं म्हणा मला आता.

शिवराज आणि त्याची बायको राणी, ह्यांना मूल होईना. डॉक्टर झाले, देव झाले, लोकांनी विचारायचंही सोडलं. आणि राणीची चाळिशी उलटल्यावर दिवस राहिले. घरात दिवाळीच! पण पोरगी वेळेच्या फार आधी आली. ती दवाखान्यात काचेच्या पेटीत, आणि इकडं इंदुताईंची फुप्फुसं गेलेली, घरी ऑक्सिजनच्या नळीवर. बारसं पुढं ढकलावं लागलं. इंदुताईंना उमगलं, आपण तिथवर पोचत नाही.

एका दुपारी त्यांनी शिवराजला हाक मारली. "शिवा, तुझा तो माईक काढ. पोरीचं नाव सांगून ठेवते."

मी म्हटलं, "ताई, मला सांगा ना. मी वाकते पाळण्यात तुमच्या वतीनं."

"तू आत्या आहेस का गं?" झालं. नळी लावलेली, दम लागलेला, पण तोरा तोच. वर शिवराजला शपथ घातली, "बारशापर्यंत ऐकायचं नाही. माझ्या गळ्याची आण."

त्याला बाहेर काढलं, मलाही काढलं. थोड्या वेळानं आतून हाक आली आणि शिवराज आत गेला. त्या गोष्टीला आठवडाही झाला नाही तोच इंदुताई गेल्या.

मग सुतक, मग पोरीचं घरी येणं. इतके दिवस आम्ही तिला नुसतं 'चिमणे' म्हणत होतो. राणी मला रोज म्हणायची, "अक्का, एकदा नाव कळू दे. लेकरू बिननावाचं राहिलंय, जीवाला बरं वाटत नाही." त्या बिचारीची सगळी आस त्या एका नावात अडकली होती. शिवराजही बारशाची वाट बघत होता. त्याला वाटायचं, ताई एकदा बोलल्या की घर परत मार्गी लागेल.

बारशाला हॉल फुलांनी भरला. शिवराजनं त्याचे ते चांगले स्पीकर पाळण्याच्या दोन्ही अंगाला लावले. बायांनी पाळणा म्हटला. मामंजी, म्हणजे आमचे सासरे प्रतापराव, खुर्चीत पुढं सरकून बसले. चौऱ्याऐंशी वय, कानानं पार गेलेले, मशीन लावा म्हटलं की भांडतात. लेक गेल्यापासून कुणाशी बोललेही नव्हते. त्या दिवशी फेटा बांधून बसले होते.

शिवराजनं बटण दाबलं.

"शिवा, जा बाहेर. दार लावून घे." इंदुताईच! स्वच्छ, ठसठशीत. पंखा नाही, ऑक्सिजनची खदखद नाही, काही नाही. जशा काही शेजारी उभ्या. दोघीतिघींनी डोळ्याला पदर लावला. मग शांतता. आम्ही वाकून कान दिला. शांतता. एकीनं सवयीनं धपाटा मारायला हात उचलला, तो तसाच वर राहिला. आणि मग एकदम, "झालं रे. ये आत." बस. संपलं.

"पुढं?" राणीनं विचारलं.

शिवराजनं परत लावलं. पुन्हा तेच. आवाज वाढवला. पुन्हा तेच. त्याचं तोंड पांढरं फटक पडत गेलं, आणि तो खाली बसला. "पुटपुटली असणार," तो म्हणाला. "ताई पुटपुटली असणार, कानात सांगतात तसं."

"मग?"

"कुजबुजीत गळ्याचा सूर नसतो, राणी. नुसता वारा असतो. त्या प्लग-इनला ती पंख्यासारखी खरखर वाटली. त्यानं काढून टाकली."

"मूळचं लावा की मग!" मी ओरडले. ओरडायच्या आधीच मला कळलं होतं.

"मूळच्यावरच साफ केलेलं ठेवलं, वहिनी. ऐकायची शपथ होती, म्हणून न ऐकताच केलं. स्क्रीनवर मधली रेघ सपाट दिसली. मला वाटलं, ताई दम खायला थांबली असेल."

या देवा! शपथ पाळली म्हणून हे झालं! एकदा, फक्त एकदा ह्या माणसानं आगाऊपणा करून ऐकलं असतं तर? माझ्या मस्तकात तिडीक गेली. बहिणीनं मरता मरता दिलेला एक शब्द, आणि ह्यानं तो कचऱ्यासारखा झाडून टाकला! सांगायला आता इंदुताई कुठून आणायच्या? राणीकडं बघवेना. ती पाळण्याची दोरी हातात धरून नुसती उभी. रडेनाही. सगळ्या बाया दगड झालेल्या.

आणि त्या शांततेत मामंजी मोठ्यानं म्हणाले, "काय नाव ठेवलं गं इंदूनं? मला ऐकू आलं नाही."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मामंजी ओशाळून हसले. "मेला माझा कान! तुम्ही सगळ्यांनी ऐकलं, बापालाच तेवढं नाही. सांगा की गं कुणीतरी."

राणीनं दोरी सोडली. ती मामंजींच्या जवळ गेली, त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि अख्खी बिल्डिंग ऐकेल अशी ओरडली, "प्राजक्ता! ताईंनी प्राजक्ता ठेवलं!"

मी थिजलेच. कुठून काढलं हिनं हे नाव? राणीच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं, इंदुताईंच्याही नाही. राणी माझ्याकडं बघत होती, आणि त्या नजरेचा अर्थ एकच होता, एक शब्द बोललात तर बघा.

"प्राजक्ता," मामंजी म्हणाले. दोनदा तीनदा म्हणून पाहिलं. चेहरा असा उजळला की काय सांगू! मग काठी टेकत उठले, थेट स्पीकरपाशी गेले आणि त्याला कान लावला. "शिवा, परत लाव रे. माझ्या लेकीच्या तोंडून ऐकू दे."

शिवराज हात जोडायला लागला. "आबा, नक्को. आबा, त्यात…" पण मामंजींना कुठलं ऐकू येतंय! "मोठ्यानं लाव!" त्यांनी दटावलं. लहानपणी दटावायचे तसं. त्यानं बटण दाबलं.

"शिवा, जा बाहेर. दार लावून घे." ते मामंजींना ऐकू आलं. त्यांचे डोळे भरले, मान हलली, "इंदूच. इंदूच ती." मग ती शांतता सुरू झाली. आता ह्यांना कळणार, आता म्हातारा कोसळणार, असं मला वाटलं. मामंजींनी डोळे मिटले आणि कान त्या जाळीला आणखी घट्ट दाबला. आम्हाला कुणाला काही ऐकू येत नव्हतं. "झालं रे. ये आत," इंदुताई म्हणाल्या.

मामंजींनी मान वर केली. गालांवरून पाणी चाललेलं, आणि ते हसत होते.

"ऐकलं," ते म्हणाले. "स्पष्ट म्हणाली. प्राजक्ता."

शिवराजला तोंडभर बोलायचं म्हणून मी कधीची शब्द जुळवत होते, ते सगळे मी सोडून दिले. तो लहान पोरासारखा हंबरडा फोडून बापाच्या पायांशी पडला होता, आणि मामंजी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होते, "रडतोस कशाला वेड्या? चांगलं नाव आहे की."