पक्याचं पान

दर रविवारी सकाळी आम्ही तिघं मिसळ खायला भेटतो. मिसळ वीस मिनिटांत संपते, किश्श्यांना दोन तास लागतात. किस्से तेच असतात, पण दर वेळी कुणीतरी त्यात नवीन चिमूटभर काहीतरी टाकतो, आणि तीनदा सांगून झालं की ते खरंच घडलेलं धरायचं, असा आमचा कायदा आहे. बँड बंद पडून जमाना झाला, पण किश्श्यांचा ढीग वाढतोच आहे!

बँडचं नाव ‘चौफुली’. माणसंही चारच. अविनाश म्हणजे अव्या, गाणी लिहिणार आणि गाणार. संज्या देवळ्याचा, तो गिटार वाजवायचा, आता कांद्याचा व्यापार करतो. मुकुंद पंचवटीतल्या पुरोहितांच्या घरातला, तो बेस गिटारवर. आता तो रामकुंडावर स्वतः विधी सांगतो, म्हणून आम्हीही त्याला गुरुजीच म्हणतो. आणि मी पक्या, पिंपळगाव बसवंतचा. ड्रम वाजवायचो, आता गावात द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज बघतो. अव्या बँड सोडून मुंबईला गेला तेव्हा लोक म्हणाले, चौफुलीचा तिठा झाला.

मिसळीच्या टेबलाला चौथी खुर्ची असतेच. ती पाहिली की अव्या आठवतोच. पंधरा वर्षं मी अव्याशी बोललो नव्हतो. कारण त्याचा तो अल्बम.

*

आमची प्रॅक्टिस दुपारी दोन ते पाच. गुरुजीच्या काकांच्या माडीवरच्या हॉलमध्ये सकाळी यात्रेकरूंच्या पंगती उठायच्या, मग हॉल आम्हाला. मी पिंपळगावहून यायचो, मार्केटला येणाऱ्या कुठल्यातरी टेम्पोत मागे बसून. ड्रायव्हर ओझरला चहा प्यायचा, आडगावला मेव्हण्याला भेटायचा, त्यामुळे मी कायम लेट. धापा टाकत वर पोचलो की अव्या गाणं मध्येच सोडून माइकमधून विचारायचा, “काय रे, टेम्पो मिळाला नाही का?” हे इतक्या वेळा झालं की खाली पंगतीची भांडी आवरणाऱ्या मावशीही मला बघून तेच विचारायला लागल्या.

ड्रमला स्टूल नव्हतं. मी द्राक्षांचं प्लॅस्टिकचं कॅरेट उलटं करून त्यावर बसायचो. वाजवायचो बरा, पण एक खोड होती. माझा रोल, म्हणजे गाण्यात मध्येच मी एकटा वाजवायचो तो तुकडा, नेहमी अर्धी मात्रा लांबायचा. अव्या कपाळाला हात लावायचा आणि अर्धी मात्रा थांबून मग गाणं उचलायचा.

एकदा मी दीड तास पोचलोच नाही. संज्या म्हणाला, मी डब्यावर ताल धरतो, करा सुरू. गुरुजी एरवी गरीब माणूस, पण त्या दिवशी चिडला. म्हणाला, “आमच्या घरी जेवायला सांगितलेला माणूस आला नाही, तरी त्याचं पान मांडून ठेवतात. दुसऱ्याला त्यावर बसवत नाहीत.” मग त्यांनी तसंच वाजवलं. जिथे मी एकटा वाजवायचो तिथे तिघांनी हात थांबवले आणि मनात मात्रा मोजत गप्प उभे राहिले. मी नेमका तेव्हाच जिन्यात होतो. मला वाटलं लाइट गेली!

तेव्हापासून नियम झाला. जो नाही त्याची जागा कुणी भरायची नाही, त्याचं पान मांडायचं. संज्याचं एकदा मांडलं, गुरुजीचं श्रावणात दोनदा. बाकी सगळी पानं माझी.

*

अव्याचा अल्बम आला त्याचं नाव ‘ऐसपैस’. चौफुलीची गाणी म्हणजे दणदणाट. लोकांनी तेच समजून सीडी घेतल्या, आणि निघालं काय? हार्मोनियम, एक हलकी गिटार आणि अव्याचा आवाज. अख्ख्या अल्बममध्ये ड्रमचा एक ठोका नाही. वर प्रत्येक गाण्यात मध्येच सगळं बंद. शांतता. मग पुन्हा गाणं सुरू.

नाशिकच्या मेन रोडवरच्या दुकानदाराकडे पहिल्याच आठवड्यात सीडी परत यायला लागल्या. लोक म्हणायचे, मधून मधून आवाज जातो, बदलून द्या. त्याने बदलून दिल्या. दुसरीतही तिथेच आवाज जायचा. शेवटी त्याने काउंटरवर पाटी लावली, ‘ऐसपैसमध्ये बिघाड नाही. ते तसंच आहे.’

एका रेडिओ चॅनेलवर तर कहर झाला. गाणं लागलं, शांतता आली, ड्यूटीवरच्या बाईंना वाटलं स्टेशन बंद पडलं. त्यांनी घाबरून पाण्याच्या टाकीची जाहिरात सोडली. जाहिरात संपली आणि अव्या पुढची ओळ गायला लागला. नंतर कितीतरी लोक विचारायचे, ते टाकीवालं गाणं पुन्हा लावा ना.

एका स्थानिक पेपरात परीक्षण आलं. लिहिणारे संगीत शिकवणारे सर होते. त्यांनी लिहिलं, आवाज चांगला आहे, परंतु गायकाला तालाची समज नाही, प्रत्येक शांततेनंतर तो अर्धी मात्रा उशिरा येतो. मी ते कात्रण कापून पाकिटात ठेवलं होतं. होय, ठेवलं होतं. इतका राग होता.

*

नाशकात दोन पार्ट्या पडल्या. काही पोरं म्हणायची, असलं मराठीत आजवर झालंच नाही. बाकीचे म्हणायचे, होऊही नये. संज्या दुसऱ्या पार्टीचा पुढारी. त्याचं म्हणणं, “निम्मं गाणं तर मुकंच हे. एवढ्यात मी दोन पिकअप कांदा भरतो.”

गुरुजी पहिल्या पार्टीचा, पण तो वाद घालायचा नाही. एकदा रामकुंडावर एक यजमान वडिलांचं श्राद्ध करायला बसले होते. पुण्याचे. संकल्प सोडता सोडता त्यांनी गुरुजीकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, तुम्ही चौफुलीत होतात ना? मग काय, हातात दर्भ, पुढ्यात पिंड, आणि माणूस ‘ऐसपैस’ कसा फसलाय ते सांगतोय. गुरुजीने दोन मिनिटं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, “आधी वडिलांचं होऊ द्या. अल्बमचं मग बघू.”

विधी झाल्यावर तो यजमान खरंच थांबला. गुरुजीने त्याला एवढंच विचारलं की तुम्ही नीट ऐकलंत का. मलाही तो दर रविवारी हेच विचारायचा. मी म्हणायचो, ऐकलंय. खोटं. दीड गाणं ऐकून मी सीडी बंद केली होती.

*

त्या सीडीचं मी काय केलं ते संज्या फार रंगवून सांगतो. आमच्याकडे पाखरं द्राक्षांवर बसू नयेत म्हणून बागेत चकाकणाऱ्या सीडी टांगतात. मी ‘ऐसपैस’ टांगला. अव्याने स्वतः कुरिअरने पाठवलेला! संज्या सांगतो, “पाखरं बागेतच काय, पिंपळगावातच येईनाशी झाली.”

सगळे हसतात. मीही हसायचो. पण घरी येताना ती सीडी उन्हात लकाकताना दिसली की मान वळवायचो.

कव्हर मात्र मी घरी ठेवलं होतं. कव्हरवर एका रिकाम्या खोलीचा फोटो. खोलीत मधोमध एक उलटं ठेवलेलं कॅरेट. बाकी काही नाही. ते पाहिल्यावर माझं डोकंच फिरलं होतं. का, ते मी तिघांच्या बैठकीत कधी सांगितलं नव्हतं. आता सांगतो.

मुंबईला गेल्यावर अव्याने मला तीनदा फोन केला होता. म्हणाला, रेकॉर्डिंग ठरलंय, ड्रम तूच वाजवायचास, ये. पहिल्यांदा मी म्हणालो, छाटणी चाललीये. दुसऱ्यांदा म्हणालो, सीझन संपू दे. तिसऱ्यांदा पुन्हा सीझन. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. मुंबईच्या स्टुडिओत आपली अर्धी मात्रा कोण खपवून घेणार? हे त्याला सांगायची लाज वाटली. तो शेवटी वैतागून म्हणाला, “पक्या, तू जन्मभर कॅरेटवरच बसणार!” आणि फोन ठेवला. वर्षभराने अल्बम आला, ड्रमशिवाय, आणि कव्हरवर कॅरेट. मी त्याचा अर्थ लावला तो लावला.

*

यंदा कॉलेजचं गेट-टुगेदर ठरलं. आयोजक मागे लागले की चौफुलीने एक तरी गाणं वाजवावं. आम्ही गुरुजीच्या त्याच हॉलमध्ये जमलो. संज्याच्या बोटांना कांद्याच्या गोण्यांची सवय झालेली, गुरुजीची ढेरी बेसला आडवी येत होती. मी तर काठ्या शोधण्यातच तास घालवला.

गाणार कोण, हा प्रश्न आला. संज्या म्हणाला, माझ्या ओळखीत एक ऑर्केस्ट्रावाला हे, लय भारी गातो. गुरुजीने बेसची पिन लावता लावता म्हटलं, “अव्याचं पान मांडा.”

आम्ही वाजवायला लागलो. गाण्याच्या जागा आल्या तशा कुणी गायलं नाही. नुसतं मागचं संगीत. आणि मला अव्या ऐकू यायला लागला हो. कुठे श्वास घेतो, कुठे आवाज चोरतो, सगळं. संज्या अंतऱ्याच्या शेवटी मान हलवून त्याला जागा करून देत होता, जशी पूर्वी द्यायचा. त्याचेही डोळे भरले होते. विचारलं तर म्हणाला, कांदा.

आणि तिथे, वाजवता वाजवता, माझा हात थांबला. रिकामी जागा. मोजून ठेवलेली. कव्हरवरचं कॅरेट. मी गुरुजीकडे पाहिलं. तो म्हणाला, “दर रविवारी सांगतो, नीट ऐक म्हणून. तू ऐकतोस का कुणाचं?”

*

संध्याकाळी घरी आलो. बागेतली सीडी उन्हाने पार पांढरी पडलेली. माझी मुलगी सई म्हणाली, बाबा, तो अल्बम फोनवर आहे की, आमच्या होस्टेलमध्ये सगळ्या ऐकतात. मला ठाऊकच नव्हतं! तिने लावून दिला. मी द्राक्षं भरायच्या पॅकहाउसमध्ये एक कॅरेट उलटं करून त्यावर बसलो, दुसरं समोर घेतलं.

गाणं सुरू झालं. पहिली शांतता आली. मी माझा जुना रोल वाजवला, जसा हात जाईल तसा. अर्धी मात्रा लांबला. आणि तो लांबून संपला तिथेच, बरोब्बर तिथेच, अव्याने पुढची ओळ उचलली.

आठही गाणी वाजवली. एकाही जागी तो माझ्या आधी आला नाही. एकदाही मला मागे टाकून पुढे गेला नाही. सई दारात उभी राहून बघत होती. मी पाकिटातलं कात्रण काढून तिच्या हातात दिलं. पंधरा वर्षं मी ते कात्रण पाकिटात घेऊन हिंडत होतो.

*

आता शेवटचा किस्सा. हा अजून रविवारच्या टेबलावर फक्त एकदाच सांगून झालाय, म्हणून यात कुणी चिमूट टाकलेली नाही.

अव्या हल्ली इगतपुरीला असतो. बायको रेल्वेत, तो शाळेत गाणं शिकवतो. पत्ता गुरुजीकडे होताच. मी फोन केला नाही. फोनवर मी पुन्हा सीझनचं कारण सांगितलं असतं, आणि सीझन खरंच ऐन भरात होता. पॅकहाउसमध्ये माल येऊन पडला होता. मी मॅनेजरला म्हटलं, आजचा दिवस तुम्ही बघा. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

कार बायकोने नेली होती. दारात माल उतरवून मोकळा झालेला टेम्पो उभा होता. तोच घेतला. शेजारच्या सीटवर छोटा ड्रम, मागे एक कॅरेट. नाशिक ओलांडेपर्यंत बरा होतो. घोटीला चहाला थांबलो आणि एकाचे तीन चहा झाले. काय बोलायचं? माफी मागायची की शिव्या घालायच्या? त्याने दार लावून घेतलं तर? टेम्पो परत नाशिककडे वळवला सुद्धा होता. मग मागे कॅरेट घसरून दाणकन आदळलं, आणि मी पुन्हा वळलो.

घर बैठं, पुढे ओटा. आतून पोरांचा सारेगमचा आवाज येत होता. टेम्पो फाटकाशी लावला. एका हातात ड्रम, दुसऱ्या हातात कॅरेट, कडी वाजवायला हात मोकळा नाही. म्हणून कॅरेटनेच दार ठोकलं.

आतलं गाणं थांबलं. दार उघडलं. केस पांढरे, चष्मा, बाकी अव्या तोच. त्याने माझ्याकडे पाहिलं. ड्रमकडे पाहिलं. कॅरेटकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून फाटकाशी उभ्या टेम्पोकडे पाहिलं. वाटभर मनात जुळवत आणलेली सगळी वाक्यं मी विसरून गेलो होतो.

अव्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला आणि म्हणाला,

“काय रे, टेम्पो मिळाला नाही का?”