मातामायचा नारळ

नारळ फोडला, की त्या पाण्याच्या वासानं भिलाईतला आमचा पहिला रविवार आठवतो. पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि आम्ही दोघं भंडाऱ्याहून नुकतेच आलो होतो. नव्या गावात आधी मातामायला नारळ द्यायचा, ही आमची रीत. म्हणून पायीच देवी शोधत निघालो. एकसारखे क्वार्टर, तोंडात सिमेंटची धूळ. ठाणं कुठं दिसेना.

"गाव हाय तं देवी असनच," हे म्हणाले.

मुरमाच्या ढिगावर बसलेल्या म्हातारीला विचारलं. तिनं आमच्याच ओळीकडे बोट दाखवलं.

"गाँव तो तुंहर क्वार्टर के खाल्हे हे, बेटी."

जुनं गाव आमच्या क्वार्टरखाली गाडलेलं, म्हणजे देवीही तिथंच. घरी आलो, तर पाय आत टाकवेना. तेव्हा फक्त देवीच्या कोपाची भीती वाटली. आज वाटतं, मी शेगडी पेटवायचे, तिथंच त्या म्हातारीची चूल असेल.