उद्देशाचा रकाना

वसंतकाका कढईसुद्धा बोटाच्या पेरानं वाजवून घेत. सदर बाजारात दुकानदार वैतागून म्हणे, "भैया, तोप नहीं है, कढ़ाई है." काका पुन्हा एकदा वाजवत आणि निकाल देत, "रिजेक्ट." संरक्षण कारखान्यात माल तपासण्यात तीस वर्षं गेलेली. घरी चहा आला तरी पहिला घोट घेऊन "पास" म्हणत. काकू विचारत, "आणि नापास केला तर दुसरा कोण करून देणार आहे?"

आम्ही समोरच राहतो. मोर्चा-आंदोलनांसाठी मी लिहिलेली पत्रकंही त्यांच्या लाल पेन्सिलीतून सुटत नसत. 'निर्लज्ज कारभार' लिहिलं की काट. "निर्लज्ज मोजून दाखव बेटा. नाही ना येत? मग रिजेक्ट." मी भांडायचे. लिहायला मात्र त्यांच्याकडूनच शिकले.

मागच्या वर्षी काकूंच्या मेंदूत गाठ सापडली. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले. जर्मनीतल्या एका हॉस्पिटलनं ऑपरेशनची तारीख दिली. "तुम्ही सोबत असाल तरच मी त्या टेबलावर चढीन," काकूंनी बजावलं.

काका अजून नोकरीत, त्यामुळे देशाबाहेर जायला त्यांना कारखान्याची परवानगी हवी होती. अर्जात एक रकाना: प्रवासाचा उद्देश. सगळ्या कॉलनीनं सांगितलं, 'पर्यटन' लिहा, आठ दिवसांत सही होते. काकांनी लिहिलं, 'पत्नीचे ऑपरेशन', आणि रिपोर्टांचा गठ्ठा जोडला. झालं! हा उपचार भारतात का होत नाही, याचं प्रमाणपत्र आणा. आणलं, तर त्यावरचा शिक्का अस्पष्ट. फाईल परत.

मी म्हटलं, "काका, कारखान्याच्या गेटवर धरणं धरून बसू. पत्रक मी लिहून ठेवलंय."

"काहून? शिक्का अस्पष्टच होता. मीही परत पाठवला असता."

फिरायला जायचं तर बिनबोभाट परवानगी, बायकोला वाचवायला जायचं तर चौकशी! असला नियम करणाऱ्यांचा संताप येतोच. त्याची बाजू घेणाऱ्या काकांचा त्याहून जास्त आला. तो अजून पुरता गेलेला नाही.

तारीख आली, परवानगी आली नाही; काकू भावाबरोबर गेल्या. ऑपरेशनच्या दिवशी व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी काकांच्या शेजारीच होते. डोकं भादरलेल्या काकू म्हणाल्या, "इथली नर्स विचारून राहिली, नवरा काहून नाही आला? काय सांगू?"

काका म्हणाले, "सांग, फाईल चालू आहे."

"अच्छा," काकू म्हणाल्या आणि फोन बंद झाला. काकांची बोटं टेबलावर वाजत राहिली.

गाठ निघाली. दीड महिन्यानं काकू दिल्लीहून गाडीनं परतल्या, डावा पाय जरा ओढत. परवानगी त्याच आठवड्यात आली होती. काकांनी ती खिशातून काढून स्टेशनवरच त्यांच्यापुढे धरली. सही ठसठशीत, शिक्का स्वच्छ. काकूंनी बाकावर बसून कागद शेवटपर्यंत वाचला, त्यावर बोटाचं पेर दोनदा वाजवलं आणि परत दिला.

"रिजेक्ट."

हल्ली चहा आला की काका नुसता पितात.

परवा त्यांनी विचारलं, "ते गेटवरचं पत्रक ठेवलंय?" मी नेऊन दिलं. पेन्सिल ओळीओळीवरून फिरली. 'निर्लज्ज' या शब्दावर थांबली आणि काट न मारता पुढे गेली. खाली त्यांनी पूर्ण नाव लिहून सही केली.

"आता काय उपयोग, काका?" मी विचारलंच.

"माझ्यामागे आणखी कोणाची तरी फाईल असेल ना," ते म्हणाले. "चलो, छापायला घे."