तारेचं रोजचं वाचन

साहेब मूळचे पदार्थविज्ञानाचे. सरकारने विज्ञान सल्लागार म्हणून बोलावलं तेव्हा प्रयोगशाळेत "दोन वर्षांत परत येतो" असं सांगून गेले, आणि खुर्चीला असे चिकटले की एकोणीस वर्षं उलटली. मंत्री बदलले, साहेब हलले नाहीत. प्रयोगशाळेला साधी भेटही आज-उद्या करत राहून गेली. जेवताना मात्र बोलण्याची गाडी हटकून तिथल्या जुन्या खोलीवर यायची. छताला टांगलेली तार, खाली वजन, ती वर्षानुवर्षं किती लांबते हे बघायचा अर्धवट टाकलेला प्रयोग. "माहेरची एवढी आठवण मीसुद्धा काढली नाही," बायको म्हणायची.

आणि नेमकी त्याच प्रयोगशाळेची फाइल टेबलावर आली. चालू ठेवावी की बंद करावी, सल्ला द्या. दहा वर्षांत तिथून एकही शोधनिबंध निघाला नव्हता. साहेबांनी जड मनाने पेन्सिलीने लिहिलं, "बंद करावी." शाईने लिहायला हात धजेना. शेवटी फाइल काखेत मारून स्वतःच गेले.

खोलीत उपकरणं सांभाळणारे जुने मिस्त्री होते. केस पांढरे, ॲप्रन तोच. तारही तिथेच लटकत होती.

"अजून आहे ही?"

"तुम्हीच म्हणाला होतात, मी येईपर्यंत रोज वाचन घ्या."

मिस्त्रींनी कपाट उघडलं. एकोणीस वह्या. तारीख, तापमान, वाचन, शेरा. आजारपणातली वाचनं मुलीच्या अक्षरात होती, पण दिवस एकही चुकला नव्हता. शेऱ्याच्या रकान्यात रोज एकच ओळ: "साहेब आले नाहीत."

"कुणाला दाखवल्या नाहीत?"

"कुणी मागितल्याच नाहीत."

एकाच तारेची एवढी सलग वाचनं कुठे मागूनही मिळाली नसती. काखेतल्या फाइलची साहेबांना लाज वाटली.

"आजचं मी घेतो," म्हणत त्यांनी वाकून तारेच्या काट्यासमोरचा पट्टीवरचा आकडा सांगितला.

"चुकलं," मिस्त्री म्हणाले. "डोळा काट्याच्या समोर आणा. तुम्हीच शिकवलंत."

पहिल्या वर्षाच्या पोरांची चूक. साऱ्या सरकारला सल्ला देणारा माणूस निमूटपणे गुडघ्यावर बसला. आकडा दोन घरांनी बदलला.

मग साहेबांनी मिस्त्रींचाच खोडरबर मागून घेतला, फाइलमधले दोन शब्द खोडले आणि शाईने लिहिलं, "चालू ठेवावी."

मिस्त्रीही वहीत लिहीत होते. साहेबांनी मान वाकडी करून वाचलं.

"साहेब आले. पहिलं वाचन चुकलं. दुसरं बरोबर."