नकाशातली दहा मिनिटं

कागदावर गोल काढून ‘इथले लोक चालत थांब्यावर पोचतात’ असं ठरवणाऱ्या माणसाला एकदा आषाढात आमच्याकडे आणून चालवलं पाहिजे, तेही पायातल्या बुटांसकट. पण शिव्या कुणाला घालू? तो गोल तपासून बरोबर ठरवणारा मीच होतो.

मी आटगावचा. एका खासगी कंपनीत सर्व्हेचं काम करतो. बसथांबा किंवा रेल्वे स्टेशन धरायचं, कॉम्प्युटर त्याच्याभोवती गोल काढतो, सगळ्यांना चालण्याचा एकच वेग लावतो आणि गोलात पडणाऱ्या घरांना बस ‘मिळते’ असं सांगतो. त्याला ओहोळ दिसत नाही, चढ दिसत नाही, बाईच्या डोक्यावरचा भारा दिसत नाही. म्हणून आम्हाला गावोगाव पाठवतात. थांब्यापर्यंत किती मिनिटं लागतात ते लोकांना विचारायचं आणि रकान्यात लिहायचं. माणसामागे नाही हां, अख्ख्या पाड्यामागे एक आकडा.

गेल्या वर्षी मुरबाडचं काम आलं. वैशाखऱ्याच्या बाजूला एका फाट्यावरून सकाळची बस लांबच्या गाडीरस्त्यानं दोनपैकी एका पाड्यात आत वळवायची होती. ज्या पाड्याला फाटा जास्त लांब, त्याला बस. त्यातल्या एका पाड्यात माझी मोठी बहीण दिलेली आहे. ती तेव्हा मुरबाडला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायला जायची. गेटवर नियम असा, की तीनदा उशीर झाला की कायमचं घरी बसायचं. पावसाळ्यात बस आत आली तरच तिचं काम टिकणार होतं, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी गेलो मे महिन्यात. कोरड्या ओहोळातून मोटारसायकल थेट तिच्या दारात लावली. ताईनं पडवीत जेवायला वाढलं, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. घास तोंडात असतानाच मी भावोजींना विचारलं, “फाट्यावर जायला किती वेळ लागतो?”

“ह्यो काय, समोर दिसतोय. दा मिंटं.”

“आणि पावसात?”

“तवाबी तेवढीच. काय लांब हाय?”

मी ताईकडे बघितलं. तिनं ताटात अजून एक भाकरी टाकली. “दा मिंटंच रे. तू जेव आधी.”

आणि मी गाढवानं दहा लिहिलं. खाली सही ठोकली. आमच्याकडची रीत मला माहीत नव्हती का? सासरची वाट माहेरच्या माणसाला लांब म्हणून सांगायची नाही. सांगितली की ‘तुमची पोर आम्ही रानात आणून टाकली’ असं कबूल केल्यासारखं होतं. आईला तिच्या भावांसमोर हेच करताना लहानपणापासून बघत आलोय. तिऱ्हाईत सर्व्हेवाला गेला असता तर भावोजींनी त्याला खरं सांगितलं असतं, वर दोन शिव्याही हासडल्या असत्या. मला नाही सांगितलं, कारण मी पाहुणा! इकडे कॉम्प्युटरच्या हिशेबातही दहाच मिनिटं आली. ऑफिसात सगळे खूश, मॉडेल जुळलं म्हणे. कप्पाळ जुळलं!

जुलैत तिच्याकडे गेलो तेव्हा ओहोळ दुथडी वाहत होता. गाडी मुद्दाम फाट्यावर ठेवली आणि संध्याकाळच्या बसनं उतरलेल्या ताईबरोबर चालत निघालो. आधी वरच्या अंगाला पुलापर्यंत, मग पलीकडून तेवढंच परत खाली. लावणी चाललेली, बांधांना ताजा चिखल लिंपलेला. त्यावर पाय ठेवला तर बांध फुटतो, म्हणून प्रत्येक शेताला वळसा. ताई चपला हातात घेऊन चालत होती. घड्याळ बघितलं, पन्नास मिनिटं. तिचे दोन उशीर लागून झाले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्याच दिवशी साहेबांपुढे उभा राहिलो. माझा आकडा चुकलाय, बदला म्हणालो. साहेब म्हणाले, “यादी वर गेली. आता गावकऱ्यांनीच सुनावणीत हरकत घ्यायची.” मग ताईला फोन केला. उभी राहून नुसतं पन्नास म्हण, बाकी काही बोलू नको. ती हो म्हणाली.

सुनावणी मुरबाडला एका हॉलमध्ये झाली. अधिकाऱ्यानं पाड्याचं नाव वाचलं, दहा मिनिटं वाचलं, हरकत आहे का विचारलं. ‘पन्नास’ म्हणायला ताई उभी राहिली. त्यानं चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. “म्हणजे सर्व्हेवाल्यानं घरी बसून खोटं लिहिलं? तसं स्पष्ट बोला. आजच त्याला कामावरून काढायला लावतो.”

त्यानं तो ओहोळ जन्मात पाहिलेला नव्हता! मी खुर्चीतून उठायला लागलो. ताईनं माझ्याकडे बघितलं आणि हातानं खाली बस म्हणून खूण केली.

“नाय सायेब,” ती म्हणाली. “दा मिंटं बराबर हायेत.”

आणि मी बसलो. कुणी धरलं नव्हतं, दाबलं नव्हतं, तरी बसलो.

बस दुसऱ्या पाड्याला गेली. त्यांनाही ती हवीच होती, त्यांच्यावर माझा राग नाही. पंधरा दिवसांत ताईचा तिसरा उशीर लागला आणि काम सुटलं.

त्या रविवारी मी तिच्या पडवीत उभं राहून वाटेल ते बोललो. आधी भावोजींना. “तुमची इभ्रत राहिली, बायकोचं काम गेलं!” ते खाली मान घालून अंगणात निघून गेले. मग ताईवर घसरलो. “मला दुसरीकडे काम मिळालं असतं गो! तुला कोण देणार आहे आता?”

ती तांदूळ निवडत होती. सूप खाली न ठेवताच म्हणाली, “आन् मिळंपरयंत आयचं औषीद कोनी आनलं असतं? माझ्या पगारातला रुपाया माहेरी धाडायची सोय नाय मला. तुझा जातो तिला.”

तिनं अंगणाकडे नजर टाकली.

“आता गप ऱ्हा. त्यांना ऐकू जाईल.”